ओरखड्यांचा हिशोब : घरच्या सुतारकामासाठी सँडर निवडताना

सागवानी चौरंग यंत्राने घासून, पुसून त्यावर हात फिरवला की तो रेशमासारखा लागतो. मात्र पॉलिशचा पहिला हात देऊन तो वाळला की खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात दोन-दोन मिलिमीटरची असंख्य वेटोळी दिसू लागतात. मी विजेवर चालणारा पहिला सँडर, म्हणजे लाकूड घासण्याचे यंत्र, घेतला तेव्हा माझ्या चौरंगावर अशीच वेटोळी उमटली होती. पॉलिशने ती निर्माण केली नव्हती. घासतानाच पडलेल्या बारीक चरांमध्ये रंग जाऊन बसला आणि ते चर डोळ्यांना दिसू लागले, एवढेच झाले होते. हे चर का पडतात आणि कोणत्या यंत्राने कसे पडतात हे समजून घेतले, तर साधारण दोन ते सहा हजार रुपयांच्या टप्प्यातील यंत्रांपैकी आपल्याला कोणते हवे याचे बरेचसे उत्तर तिथेच मिळते. खोक्यावर ठळक छापलेल्या वॉटच्या आकड्यावरून ते मिळत नाही.

पॉलिश पेपर लाकूड झिजवतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो लाकूड कापत असतो. रंध्याचे पाते रुंद, सलग ढलपी काढते. कागदावर चिकटवलेला प्रत्येक कण तसेच काम अतिशय लहान प्रमाणात करतो आणि आपल्यामागे एक चर सोडून जातो. लाकडासाठी मिळणाऱ्या बहुतेक कागदांवर आज अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. कुरुंद नावाच्या खनिजाचे रसायन हेच असून मोहसच्या १ ते १० अशा काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक ९ आहे. काळ्या वॉटर पेपरवरचे सिलिकॉन कार्बाइड त्याहूनही कठीण असते, पण ते ठिसूळ असल्यामुळे लाकडापेक्षा रंग आणि धातू यांवर अधिक शोभते.

कागदाच्या पाठीवरचा नंबर म्हणजे या कणांच्या आकाराची खूण होय. नंबराआधी ‘पी’ हे अक्षर छापलेले असेल, तर ८० नंबरच्या कागदावरील कण सरासरी ०.२ मिलिमीटरचे, १२० नंबरवरील ०.१२५ मिलिमीटरचे, १८० नंबरवरील सुमारे ०.०८ मिलिमीटरचे आणि २२० नंबरवरील ०.०७ मिलिमीटरच्या आसपास असतात. कण जितका मोठा तितका चर खोल. त्यामुळे १२० नंबरचे खरे काम लाकूड ‘गुळगुळीत करणे’ हे नसून ८० नंबरने पाडलेल्या चरांच्या तळापर्यंत पोहोचणे हे आहे. वेळ वाचवण्यासाठी ८० वरून एकदम २२० वर उडी मारली, तर २२० नंबरचे इवलेसे कण मोठ्या चरांचे फक्त काठ घासत राहतात. हाताला पृष्ठभाग मऊ लागतो, पण चरांचे तळ तसेच राहतात आणि पॉलिशची वाट पाहत बसतात.

आता चराची दिशा पाहू. लाकूड हे लांब, पोकळ तंतूंची जुडी असते. चर तंतूंच्या दिशेने गेला तर तो लाकडाच्या मूळच्या रेषांमध्ये मिसळून जातो आणि सहसा दिसत नाही. आडवा गेला तर तंतू तुटतात, त्यांची टोके रंग अधिक शोषून घेतात आणि तेवढीच रेघ गडद होते. जुने सुतार ‘रेषेच्या अंगाने घास’ असे बजावत आले ते याच कारणासाठी. यंत्राची अडचण अशी की मोटर मुळात गोल फिरते आणि गोल फिरणारी कोणतीही गोष्ट प्रत्येक फेऱ्यात तंतूंना आडवी जातेच. त्यामुळे सँडरच्या रचनेतला सगळा प्रश्न हे आडवे चर कमी कसे दिसतील, याचा आहे.

बेल्ट सँडर हा प्रश्न सरळ टाळतो. त्यात दोन रुळांवरून कागदी पट्टा एकाच दिशेने धावतो आणि यंत्र तंतूंच्या दिशेने धरले की चरही त्याच दिशेने पडतात. मात्र त्याची भूक मोठी असते. खडबडीत फळ्या एका पातळीत आणायच्या असतील तर त्याला पर्याय नाही. पण प्लायवूडचा वरचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो आणि बेल्ट क्षणभर जरी तिरपा टेकला तरी खालचा थर उघडा पडतो. घरी पहिलेच यंत्र घेणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्राइंडरला किंवा ड्रिलला चकती लावून लाकूड घासण्याचा सल्ला काही दुकानदार देतात. पृष्ठभाग एकसारखा करायचा असेल तर तोही मानू नये, कारण तिथे चकतीची कड अर्धवर्तुळाकार खड्डे पाडते.

उरतात दोन यंत्रे आणि खरी निवड त्यांच्यातच करायची असते. पहिले चौकोनी तळव्याचे. यात मोटरच्या दांड्याचे टोक मध्यापासून किंचित सरकवलेले असते आणि तळवा रबराच्या खुंटांनी यंत्राला जखडलेला असतो. त्यामुळे तळवा स्वतःभोवती फिरू शकत नाही; तो जागच्या जागी लहानशा वर्तुळात हलत राहतो. कागदावरचा प्रत्येक कण दीड-दोन मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ मिनिटाला दहा-बारा हजार वेळा गिरवतो. यंत्र जिथे रेंगाळते तिथे तेच वर्तुळ पुन्हापुन्हा गिरवले जाऊन खोल होते. माझ्या चौरंगावरची वेटोळी हीच होती.

दुसरे यंत्र गोल तळव्याचे, ज्याला बाजारात रँडम ऑर्बिटल सँडर म्हणतात. त्याच्या तळव्याचा व्यास बहुधा १२५ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच असतो. इथेही दांडा मध्यापासून सरकवलेला असतो, पण तळवा जखडलेला नसून मोकळ्या बेअरिंगवर बसवलेला असतो. त्यामुळे तो लहान वर्तुळात हलता हलता स्वतःभोवतीही फिरतो आणि हे फिरणे मोटरच्या गतीशी बांधलेले नसते. बेअरिंगमधले घर्षण त्याला ओढते, लाकडावरचे घर्षण त्याला अडवते आणि या ओढाताणीतून जो वेग ठरेल तो ठरतो. दातेरी चकतीच्या भोकात पेन घालून कागदावर नक्षी काढण्याचे एक खेळणे मुलांकडे असते. कणाचा मार्ग साधारण तसाच असतो, फक्त इथे नक्षीची पुनरावृत्ती जवळजवळ होत नाही. चर पडतातच, पण ते सर्व दिशांना विखुरतात, एकमेकांना छेदतात आणि कोणताही एक चर उठून दिसत नाही. आपली नजर सुट्या रेघेपेक्षा पुनरावृत्तीला चटकन पकडते, म्हणून ही युक्ती साधते.

या रचनेतूनच वापरणाऱ्यासाठी एक नियम निघतो: यंत्र दाबायचे नाही. हाताचा भार टाकला की लाकडावरचे घर्षण वाढते, तळव्याचे स्वतःभोवती फिरणे थांबते आणि जास्त पैसे देऊन घेतलेले यंत्र चौकोनी तळव्याच्या यंत्रासारखेच वागू लागते. तळव्याच्या कडेवर मार्करने एक ठिपका काढावा. काम करताना तो सावकाश फिरताना दिसला तर भार योग्य आहे, थांबलेला दिसला तर हात हलका करावा. नव्याने शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला शिक्षक मिळणार नाही.

वॉटचा आकडा मोटर वीज किती खाते ते सांगतो. कणाचा वेग हवा असेल तर तो आपण काढू शकतो. गोल यंत्रातल्या लहान वर्तुळाचा व्यास २.४ मिलिमीटर धरला तर परीघ साडेसात मिलिमीटर होतो. मिनिटाला १२,००० म्हणजे सेकंदाला २०० फेरे झाले, तर कण सेकंदाला दीड मीटर जातो. भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग साधारण एवढाच असतो. यासाठी अडीचशे ते तीनशे वॉट पुरतात आणि ते यंत्र घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर निर्धास्त चालते. वॉटपेक्षा वेग कमी-जास्त करण्याची चकती आहे का, हे पाहणे मोलाचे आहे. सागवानात नैसर्गिक तेल असते, पाइनमध्ये राळ असते आणि जुन्या फर्निचरवर चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश असते. पूर्ण वेगाने तापमान वाढले की हे सगळे मऊ होऊन कागदात लिंपले जाते आणि कण बुजून जातात. बुजलेल्या कागदावर क्रेप रबराचा तुकडा, अगदी जुन्या चपलेचा क्रेप तळ घासला तरी बरीचशी घाण निघून येते आणि कागद आणखी काही वेळ चालतो.

खर्चाचा विचार करताना यंत्राच्या किमतीवर थांबू नये. चौकोनी तळव्याच्या यंत्राला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा नऊ बाय अकरा इंचांचा साधा पॉलिश पेपर चौथाई कापून लावता येतो आणि तो तालुक्याच्या गावीही मिळतो. गोल यंत्राला मात्र मागे वेल्क्रो असलेल्या, ठरावीक भोकांच्या चकत्याच लागतात. काही तळव्यांना पाच भोके असतात, काहींना आठ. चकतीची भोके तळव्याच्या भोकांशी जुळली नाहीत तर भुसा आत ओढला जात नाही. म्हणून यंत्र घेण्याआधी त्याच मापाच्या चकत्या आपल्याला सहज मिळतात का, तसेच सुटा वेल्क्रो तळवा आणि मोटरला वीज पोहोचवणारे, झिजत जाणारे कार्बन ब्रश मिळतात का, हे विचारून घ्यावे. स्वस्त यंत्रात सर्वांत आधी तळव्याचे वेल्क्रो जाते. बोथट कागदावर दाब देऊन काम केले की उष्णतेने त्याचे बारीक हूक वितळतात. तळवा मिळत नसेल तर चालू मोटरचे यंत्रही माळ्यावर पडून राहते.

मला एकच यंत्र सुचवायचे असेल, तर १२५ मिलिमीटरचे, वेग बदलता येणारे गोल यंत्र मी सुचवीन. ज्याला मुख्यतः फोटोच्या चौकटी, खणांचे कोपरे, खिडक्यांच्या पट्ट्या घासायच्या आहेत, त्याने मात्र चौकोनी यंत्र घ्यावे, कारण गोल तळवा कोपऱ्यात जात नाही.

आता भुशाविषयी, लेखातला हा भाग वाचकाने वगळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. करवतीचा भुसा जमिनीवर पडतो, सँडरची धूळ हवेत तरंगते आणि तिचे सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्येच मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले. नाकाच्या पोकळीतील कर्करोगाशी तिचा संबंध आढळला आहे. हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या कारागिरांना असला, तरी सागवान आणि शिसम यांच्या धुळीने त्वचेला खाज सुटणे किंवा शिंका येणे हा अनुभव हौशी माणसालाही पहिल्याच दिवशी येऊ शकतो. यंत्राबरोबर येणारी कापडी पिशवी जाडसर धूळ धरते, बारीक धूळ तिच्या विणीतून बाहेर पडते. म्हणून घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी यंत्राच्या तोटीला जोडता येते का, हे दुकानातच पाहावे. मापे जुळत नसतील तर रबरी जोड करून घ्यावा. जोडणीचा दुसरा फायदा असा की धूळ निघून गेल्यामुळे कागद लवकर बुजत नाही आणि सुटा पडलेला एखादा जाड कण तळव्याखाली घरंगळून खोल वेटोळे पाडत नाही. तरीही एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क लावलाच पाहिजे. रुमाल बांधणे पुरेसे नाही.

जुन्या घराचे रंगवलेले दरवाजे असतील तर सँडर लावूच नये. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे किती असेल याची खात्री देता येत नाही आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते.

कंपनाचीही एक परीक्षा घ्यावी. दुकानात यंत्र चालू करून अर्धा मिनिट हातात धरावे. आतले समतोल साधणारे वजन नीट बसवलेले असेल तर हाताला एकसारखी गुणगुण जाणवते. ते सदोष असेल तर मनगटापर्यंत धडधड पोहोचते आणि तासाभराच्या कामानंतर बोटे बधिर होतात.

घरी आल्यावर लाकडावर आधी पेन्सिलीने फिकट आडव्यातिडव्या रेघा माराव्यात आणि त्या पूर्ण जाईपर्यंत यंत्र फिरवावे. म्हणजे कोणताही भाग सुटत नाही. यंत्र सेकंदाला इंचभर सरकवायचे आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा, असे धरले तर १२० बाय ६० सेंटिमीटरच्या टेबलावर सुमारे दहा पट्टे होतात आणि एका नंबरच्या एका फेरीला आठ मिनिटे लागतात. घाई करणाऱ्याला हा वेग असह्य वाटतो, पण त्याहून भरभर फिरवले तर चर विखुरण्याआधीच यंत्र पुढे गेलेले असते.

मी आता १८० नंबरची फेरी झाली की यंत्र बाजूला ठेवतो, पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसतो आणि वाळू देतो. दबलेले तंतू पाण्याने उभे राहतात. मग त्याच नंबरचा कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हाताने, रेषेच्या अंगाने, आठ-दहा वेळा हलका फिरवतो. त्यानंतर खोलीतला दिवा घालवून बॅटरीचा झोत लाकडालगत आडवा धरतो. राहिलेले वेटोळे त्या उजेडात पॉलिशच्या आधीच दिसते.