भत्ता चालू असताना अर्धवेळ काम : अमेरिकेतील नियमांची पार्श्वभूमी

अमेरिकेत 2025 साली अपंगत्वाचा सरकारी भत्ता घेणारी एखादी व्यक्ती ताशी 18 डॉलर दराने आठवड्याला 20 तास एखाद्या वाचनालयात काम करते, असे धरू. तिची महिन्याची कमाई सरासरी 1,560 डॉलर होते आणि सोशल सिक्युरिटी प्रशासनाने, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याने, त्या सालासाठी ठरवलेली मर्यादा 1,620 डॉलरची असल्यामुळे तिचा भत्ता चालू राहतो. आठवड्याला आणखी एकच तास थांबायला तिने होकार दिला, तर कमाई 1,638 डॉलरवर जाते. आणि सवलतीचे महिने आधीच वापरून झालेले असतील, तर महिन्याला 78 डॉलर जास्त मिळवल्यापायी तिचा सगळाच्या सगळा भत्ता बंद होतो. हा भत्ता सरासरीने दीड हजार डॉलरच्या आसपास असतो. म्हणजे एक तास जास्त काम करणारी व्यक्ती महिनाअखेरीस पूर्वीपेक्षा कितीतरी गरीब होते. असा नियम कोणी शहाण्या माणसाने मुद्दाम केला असेल असे वाटत नाही, आणि तो तसा झालेलाही नाही. सत्तर वर्षांपूर्वी घातलेल्या एका व्याख्येवर वेळोवेळी जी ठिगळे लावली गेली, त्यांतून तो घडत गेला.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात 1935 साली सोशल सिक्युरिटी कायदा झाला, तेव्हा त्यात वृद्धांचे निवृत्तिवेतन होते, बेकारी विमा होता, गरीब अंधांना साहाय्य होते. पण अपंगत्व विमा नव्हता. तो टाळण्यामागे ताजा अनुभव होता. खासगी विमा कंपन्यांनी 1920च्या दशकात अपंगत्वाच्या पॉलिसी विकल्या होत्या आणि महामंदीत त्यांच्यावर दाव्यांचा इतका भडिमार झाला की त्यांचे हात चांगलेच पोळले. नोकरी गेलेला माणूस आपल्या जुन्या दुखण्याकडे बोट दाखवून पैसे मागणार, ही भीती तेव्हापासून धोरणकर्त्यांच्या मनात घर करून बसली. डॉक्टरांची प्रमुख संघटना असलेल्या अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही पुढे या विम्याला कसून विरोध केला. म्हणून पहिले पाऊल फार जपून टाकले गेले. 1954 साली एवढेच ठरले की आजारपणामुळे कमाईविना गेलेली वर्षे म्हातारपणीच्या पेन्शनच्या हिशेबात धरायची नाहीत. रोख भत्त्याची तरतूद सिनेटमध्ये 1956 साली 47 विरुद्ध 45 अशा निसटत्या मतांनी मंजूर झाली आणि 1 ऑगस्ट 1956 रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कायद्यावर सही केली. सुरुवातीला तो भत्ता फक्त 50 ते 64 या वयोगटासाठी होता.

या कायद्यातली व्याख्या हेच साऱ्या पुढच्या इतिहासाचे मूळ आहे. ज्याला वैद्यकीय कारणामुळे कोणतेही ‘लक्षणीय कमाईचे काम’ करता येत नाही आणि ज्याचे दुखणे मृत्यूकडे नेणारे किंवा दीर्घ, अनिश्चित काळ टिकणारे आहे, तो अपंग, असे कायद्याने म्हटले. पाय नसणे किंवा दिसत नसणे म्हणजे अपंगत्व नव्हे. कमावता न येणे म्हणजे अपंगत्व. आपल्याकडची संजय गांधी निराधार अनुदान योजना वेगळ्या पायावर उभी आहे. तिथे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणजे घरात येते किती हा प्रश्न असतो. अमेरिकी विम्यात घरातल्या इतरांच्या मिळकतीला महत्त्वच नाही. पगारातून वर्षानुवर्षे कर भरून हा विमा मिळवलेला असतो, त्यामुळे बायको किंवा नवरा कितीही कमावत असला तरी भत्ता मिळतो. पण स्वतः लाभार्थ्याने कमाईची एक रेषा ओलांडली की तो अपंगच नाही, असा निष्कर्ष निघतो. अर्धवेळ काम करणारा माणूस या व्याख्येत बसतच नाही. त्याला थोडे जमते आणि पुरेसे जमत नाही, आणि व्याख्येत मात्र ‘जमते’ आणि ‘जमत नाही’ अशा दोनच खणांची सोय आहे.

ही अडचण फार लवकर ध्यानात आली. 1960 साली पन्नाशीची अट काढून टाकण्यात आली आणि तरुण माणसेही भत्त्याला पात्र ठरू लागली. पंचविशीतल्या माणसाला आयुष्यभर घरी बसा असे सांगणे कोणालाच पटण्याजोगे नव्हते, म्हणून त्याच कायद्यात नऊ महिन्यांच्या ‘चाचणी काळा’ची सोय झाली. या नऊ महिन्यांत कितीही कमावले तरी भत्ता चालू राहतो. हे महिने सलग असण्याचीही गरज नाही. ही तरतूद आजही जिवंत आहे आणि माझ्या मते या साऱ्या रचनेतली ती सर्वांत माणुसकीची गोष्ट आहे, कारण जमेल की नाही हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही, हे तिने मान्य केले. पण नवव्या महिन्यानंतर काय, याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. तिथे पुन्हा तीच जुनी व्याख्या वाट अडवून उभी होती. पुढे 1967 साली ती आणखी कडक झाली. आपले पूर्वीचे काम करता येत नाही एवढे दाखवणे पुरेसे राहिले नाही. देशात कुठेही पुरेशा प्रमाणात असलेले दुसरे कोणते काम करता येते का, हे पाहिले जाऊ लागले, मग ते काम राहत्या गावात असो वा नसो.

कमाईची रेषा डॉलरमध्ये कुठे ओढायची, हे कायद्याने प्रशासनावर सोपवले होते. 1980 साली ती महिना 300 डॉलर होती आणि 1989 अखेरपर्यंत तिथेच राहिली. 1990 साली 500 झाली आणि 1999च्या मध्यापर्यंत तशीच गोठून राहिली. या काळात मजुरी वाढत होती, महागाई वाढत होती, त्यामुळे त्याच रकमेत बसण्यासाठी माणसाला कामाचे तास दरवर्षी कमी करावे लागत होते. जुलै 1999 मध्ये मर्यादा 700 डॉलर झाली, आणि 2001 पासून, 740 डॉलरपासून सुरुवात करून, ती देशातल्या सरासरी वेतनाशी बांधली गेली. अंधांच्या बाबतीत मात्र संसदेने 1977 सालीच वेगळी आणि वरची मर्यादा कायद्यात घातली. अंधांच्या संघटना अमेरिकेत जुन्या आणि जागरूक आहेत, त्यांच्या पाठपुराव्याचे हे फळ आहे. 2025 साली अंधांसाठीची मर्यादा 2,700 डॉलर होती. बहिऱ्या किंवा व्हीलचेअरवरच्या माणसाला ती का लागू नसावी, याचे तर्काला पटणारे उत्तर मला कुठे सापडलेले नाही.

दुसरी वाट 1972 साली निघाली. ज्यांनी पुरेशी नोकरी केलेली नाही किंवा ज्यांचा भत्ता फारच तुटपुंजा आहे, अशा गरीब वृद्ध, अंध आणि अपंगांसाठी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने ‘सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम’ म्हणजे एसएसआय ही योजना मंजूर झाली आणि जानेवारी 1974 मध्ये सुरू झाली. भारतातून तिथे स्थायिक झालेल्या कुटुंबांनी या दोन योजनांतला फरक नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात केलेल्या नोकरीची वर्षे अमेरिकी अपंगत्व विम्यासाठी मोजली जात नाहीत.

एसएसआयमध्ये कमाईचा हिशेब मुळातच उताराचा आहे, कड्याचा नाही. समजा, दुसरे काहीही उत्पन्न नसलेल्या माणसाने महिन्यात 585 डॉलर मिळवले. त्यांतले आधी 20 आणि मग 65 असे 85 डॉलर सोडून द्यायचे. उरलेल्या 500चे निम्मे, म्हणजे 250, भत्त्यातून कापायचे. 2025 साली एकट्या माणसाचा पूर्ण संघीय भत्ता 967 डॉलर होता, तो धरला तर 717 होतो आणि हाती एकूण 1,302 डॉलर पडतात. काम केले तर चार पैसे जास्त मिळतात, ही साधी गोष्ट इथे खरी ठरते. दुर्दैव असे की 20 आणि 65 हे दोन्ही आकडे 1972च्या कायद्यातले आहेत आणि त्यांत आजवर एका डॉलरचीही वाढ झालेली नाही. शिल्लक ठेवण्याची मर्यादा 1989 पासून एकट्या व्यक्तीसाठी 2,000 डॉलरवर थांबली आहे, म्हणजे अर्धवेळ काम करून जपून साठवलेला पैसाच भत्ता घालवू शकतो. 2014 सालच्या कायद्याने काही अपंग व्यक्तींना खास बचत खाते उघडता येऊ लागले, त्यामुळे हा जाच थोडा सैल झाला.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या 1980 सालच्या दुरुस्तीला दोन तोंडे होती. एका बाजूने तिने कामाला हात दिला. चाचणी काळानंतर 15 महिन्यांचा वाढीव काळ आला, ज्यात कमाई घसरलेल्या महिन्यात नव्याने अर्ज न करता भत्ता मिळू लागला. 1987च्या कायद्याने तो काळ 36 महिन्यांचा केला. काम करण्यासाठी जो खर्च दुखण्यामुळे करावा लागतो, तो कमाईतून वजा होऊ लागला. व्हीलचेअर चढवता येईल अशा खास गाडीचे भाडे महिन्याला 150 डॉलर पडत असेल, तर आरंभीच्या उदाहरणातल्या व्यक्तीचे 1,638 डॉलर हिशेबात 1,488 होतात आणि तिचा भत्ता वाचतो. एसएसआय घेणाऱ्यांना मर्यादेपलीकडे कमावले तरी घटता भत्ता आणि मेडिकेड ही उपचारांची सोय टिकवण्याची मुभा प्रायोगिक स्वरूपात मिळाली, ती 1986च्या कायद्याने कायम झाली.

दुसऱ्या बाजूने त्याच दुरुस्तीने लाभार्थ्यांची दर तीन वर्षांनी फेरतपासणी सांगितली. रेगन प्रशासनाने 1981 पासून ही तपासणी इतक्या झपाट्याने राबवली की तीन वर्षांत जवळपास पाच लाख लोकांचे भत्ते बंद झाले, आणि त्यांतल्या सुमारे दोन लाखांना अपिलात ते परत द्यावे लागले. लोक न्यायालयात गेले, काही राज्यांनी केंद्राचे निकष पाळायला नकार दिला, आणि 1984 साली संसदेने एकमताने कायदा करून आजारात सुधारणा झाल्याचे दाखवल्याशिवाय भत्ता काढता येणार नाही, असे ठरवले. आकडे नंतर सावरले, पण भीती मागे राहिली. आपण चार तास काम करताना दिसलो तर फाइल उघडली जाईल, हा धसका लाभार्थ्यांच्या पिढीच्या मनात बसला आणि कागदावरच्या सवलतींवर त्यांचा विश्वास बसेना.

या धास्तीत आरोग्यविम्याचा वाटा भत्त्याइतकाच मोठा होता. अपंगत्व विम्याच्या लाभार्थ्याला 1973 पासून, भत्ता सुरू झाल्यावर 24 महिन्यांनी, मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळतो. अमेरिकेत नोकरदाराचा आरोग्यविमा बहुधा पूर्णवेळ नोकरीबरोबर येतो, अर्धवेळ कामाबरोबर क्वचितच. महागडी औषधे चालू असलेल्या माणसाने अशा वेळी कामाचे तास वाढवले नाहीत, तर त्याला आळशी कसे म्हणावे? राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी 17 डिसेंबर 1999 रोजी सही केलेल्या ‘तिकीट टू वर्क’ कायद्याने हीच गाठ सोडवण्याचा प्रयत्न केला. कामामुळे भत्ता थांबला तरी मेडिकेअर चाचणी काळानंतर निदान 93 महिने चालू राहील, पाच वर्षांत पुन्हा काम सुटले तर संपूर्ण नवा अर्ज न करता भत्ता सुरू करता येईल, आणि दोन वर्षे भत्ता घेतलेल्या व्यक्तीची निव्वळ ती काम करते म्हणून वैद्यकीय तपासणी होणार नाही, अशी आश्वासने त्यात आली. कामामुळे भत्त्याबाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण शेकडा अर्ध्याहूनही कमी आहे, अशी नोंद याच कायद्याच्या आरंभी आहे.

अपंगत्व विम्यातही कड्याऐवजी एसएसआयसारखा उतार करावा, दोन डॉलर कमावले तर भत्त्यातून एकच कापावा, ही सूचना जुनी आहे. 1999च्या कायद्यानेच तिचा प्रयोग करायला सांगितले होते, आणि 2010च्या दशकात देशातल्या दहा विभागांत तो मोठ्या प्रमाणावर झाला. लाभार्थ्यांच्या सरासरी कमाईत ठळक वाढ आढळली नाही आणि भत्त्यांवरचा खर्च मात्र वाढला. या निष्कर्षावर बोट ठेवून सुधारणा बाजूला सारली गेली. मला हे घाईचे वाटते, कारण दशकानुदशके धास्तावलेली माणसे काही वर्षांच्या प्रयोगात पावले मोकळी टाकतील, ही अपेक्षाच अवाजवी होती.

नियमांत अडकलेल्या माणसाला आज सर्वांत जास्त छळते ती वसुली. कमाईची माहिती वेळेवर कळवूनही कार्यालयात तिची नोंद व्हायला अनेक महिने लागू शकतात, तोवर भत्ता पूर्वीसारखा खात्यात जमा होत राहतो, आणि मग एक दिवस जास्तीचे मिळालेले हजारो डॉलर परत करा, असे पत्र येते. चालू भत्त्यातून किती टक्के कापून घ्यायचे, याचे प्रमाण मार्च 2024 मध्ये शंभरावरून दहावर आणले गेले होते. 2025 साली ते आधी पुन्हा शंभर टक्के करण्याची घोषणा झाली आणि नंतर अपंगत्व विम्यासाठी पन्नास टक्के ठरले. म्हणूनच अनुभवी सल्लागार अर्धवेळ काम सुरू करणाऱ्याला पहिल्या पगारापासून प्रत्येक वेतनचिठ्ठी जपून ठेवायला सांगतात आणि ती कार्यालयात दिल्याची तारीख घातलेली पोच मागून घ्यायला लावतात.