मानेतली खाच आणि आडवाटेची मुळं

‘ऑपरेशन खांद्याचं, मग सुई मानेत का?’ असं रुग्ण भूलतज्ज्ञाला हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. खांद्याच्या आणि हाताच्या मज्जातंतूंचा उगम मानेत असतो. त्यांची पाच मुळं (मानेतलं पाचवं ते आठवं आणि छातीतलं पहिलं) मणक्यांमधून बाहेर पडतात आणि पुढचा स्केलीन व मधला स्केलीन या दोन स्नायूंमधल्या खाचेतून खाली उतरतात. त्या खाचेत बधिरतेचं औषध सोडलं की खांदा बधिर होतो, आणि ऑपरेशननंतरचे कितीतरी तास रुग्णाला वेदना जाणवत नाहीत.

१९७० साली शिकागोच्या अलोन विनी यांनी ही खाच बोटांनी चाचपून शोधायची पद्धत मांडली. सुई आत गेल्यावर हातात झिणझिण्या आल्या, की जागा बरोबर. पद्धत उत्तम होती, पण ती एक गोष्ट गृहीत धरत होती: प्रत्येकाची मान पुस्तकातल्या आकृतीसारखी असते.

तशी ती नसते. पाचव्या मुळाची वाट बरेचदा निराळी निघते. कुणात ते पुढच्या स्केलीनला भेदून आरपार जातं, कुणात त्या स्नायूच्या चक्क पुढून उतरतं. कधी सहावं मूळही त्याच्यासोबत असतं. काही मानांत मुळांच्या मधून स्नायूची एखादी पट्टी आडवी गेलेली असते. खालच्या बाजूला ‘स्केलीनस मिनिमस’ नावाचा जादा स्नायू असतो, तोही काहींमध्येच. शरीरशास्त्रज्ञ याचं कारण गर्भावस्थेत शोधतात. हे स्नायू मुळात एकाच गोळ्यातून घडतात, मुळं त्यातून वाट काढतात, आणि वाटणी कशी झाली त्यावर खाचेचं रूप ठरतं.

पाचवं मूळ खाचेबाहेर असेल, तर अचूक खाचेत सोडलेलं औषधही त्याच्यापर्यंत नीट पोचेलच असं नाही. मधे स्नायू आणि त्याचं आवरण असतं. मग हात जड होतो, पण खांद्यावर दुखणं जाणवत राहतं. अशा वेळी ‘रुग्ण घाबरट आहे’ असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याची तक्रार खरी असते.

सोनोग्राफीने ही आडवाट डोळ्यांना दिसू लागली. पडद्यावर मुळं काळसर गोल ठिपक्यांसारखी, एकाखाली एक दिसतात, ट्रॅफिक सिग्नलच्या दिव्यांसारखी. इथेही फसगत होते. तीन गोल म्हणजे पाचवं, सहावं, सातवं असं वाटतं. प्रत्यक्षात पुष्कळदा वरचा गोल पाचव्याचा असतो आणि खालचे दोन एकट्या सहाव्या मुळाचे भाग असतात. म्हणून जाणते भूलतज्ज्ञ खालून सुरुवात करतात. कॉलरबोनच्या वर धडधडणारी धमनी सापडते, तिच्या शेजारी द्राक्षाच्या घोसासारखा मज्जातंतूंचा पुंजका असतो. तिथून प्रोब (सोनोग्राफीचा त्वचेवर फिरवायचा भाग) हळूहळू वर सरकवत एकेक मूळ त्याच्या मणक्यापर्यंत गाठायचं. मानेच्या सातव्या मणक्याच्या आडव्या प्रवर्धाला (बाजूला निघालेल्या हाडाला) पुढचा उंचवटा नसतो, सहाव्याला ठळक असतो. मोजणी पक्की करायला ही खूण फार कामाची.

मग वाट चुकलेलं पाचवं मूळ दिसलं, की सुई थेट त्याच्याकडे न्यायची का? इथे घाई नको. श्वासपटल हलवणारा फ्रेनिक मज्जातंतू पुढच्या स्केलीनच्या समोरच्या पृष्ठावरूनच उतरतो. औषध तिकडे पसरलं की त्या बाजूचं अर्धं श्वासपटल काही तास निकामी होतं. २० मिलिलिटर औषधाने खाचेत केलेल्या नेहमीच्या ब्लॉकमध्येही (मज्जातंतू बधिर करण्याच्या या पद्धतीतही) हे जवळपास सर्वांनाच होतं. धडधाकट माणसाला ते सहसा जाणवत नाही, पण फुप्फुसाचा जुना आजार असलेल्याला धाप लागते. त्यापेक्षा पाचवं आणि सहावं मूळ जिथे एकत्र येतं, तिथे थोडं खाली थोडकं औषध देणं मला शहाणपणाचं वाटतं. बाजूने येणारी सुई मधल्या स्केलीनमधून जाते, आणि त्यातही दोन लहान मज्जातंतू असू शकतात. त्यामुळे सुईची वाटही आधी न्याहाळावी लागते.

सापडलेलं वेगळेपण रुग्णाच्या कागदावर नोंदवून ठेवावं, पुढच्या वेळच्या डॉक्टरांना उपयोग होईल. मात्र ती नोंद त्या एका बाजूपुरतीच. एकाच मानेच्या डाव्या आणि उजव्या बाजूची रचना वेगळी असू शकते, म्हणून दुसऱ्या खांद्याच्या वेळी प्रोब पुन्हा कॉलरबोनपासूनच वर न्यायचा.