‘पॉल्स बुटीक’ समीक्षकांनी खरोखरच झिडकारला होता का?

फुटाळा तलावाच्या काठी रॅपचा सराव करणाऱ्या नागपूरच्या मुलांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते: बीस्टी बॉइज या अमेरिकन रॅप गटाचा दुसरा अल्बम ‘पॉल्स बुटीक’ १९८९ मध्ये आला, तेव्हा समीक्षकांनी तो झिडकारला आणि त्याची थोरवी फार उशिरा उमगली.

यातला विक्रीचा भाग खरा आहे. त्यांचा १९८६ चा पहिला अल्बम ‘लायसन्स्ड टू इल’ हा बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला पहिला रॅप अल्बम होता. ‘पॉल्स बुटीक’ मात्र चौदाव्या स्थानापुढे सरकला नाही. पण हा बाजाराचा निकाल झाला. ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक मासिकाने त्याच वर्षी त्याला पाचपैकी चार तारे दिले आणि एरवी हात राखून गुण देणाऱ्या समीक्षक रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांनी वरची श्रेणी दिली. याला झिडकारणे कसे म्हणावे?

गोंधळ का झाला असावा, हे अल्बम लावताच कळते. सुरुवात इतक्या हलक्या आवाजात होते की ऐकणारा नकळत आवाज वाढवतो आणि पुढच्याच गाण्याचे ढोल अंगावर येतात. पहिल्या अल्बमच्या धांगडधिंग्यासाठी आलेल्या श्रोत्याला ही डस्ट ब्रदर्स या निर्मात्यांची, जुन्या ध्वनिमुद्रिकांचे असंख्य तुकडे जोडून विणलेली गोधडी परकी वाटली असल्यास नवल नाही. ते तुकडे सगळे विनापरवानगी उचललेले होते, ही समजूतही चुकीचीच. बहुतेकांची परवानगी रीतसर घेतली होती आणि तेव्हा ती आजच्या मानाने स्वस्तात मिळत असे.