सार्वजनिक आरोग्य (नाशिक)

नाशिक जिल्ह्यात रोग होऊ नयेत आणि झालेच तर पसरू नयेत म्हणून चालणारे काम, तसेच लोकांच्या सवयी आरोग्याला पूरक व्हाव्यात यासाठीचे प्रयत्न. शहरात ही जबाबदारी महानगरपालिकेची (स्थापना १९८२), खेड्यापाड्यांत जिल्हा परिषदेची, मालेगावात तिथल्या स्वतंत्र महापालिकेची आहे. लसीकरण, हिवताप, क्षयरोग, पोषण असे या कामाचे कप्पे कागदावर पाडलेले असतात. प्रत्यक्षात जिल्ह्याचे दुखणे-खुपणे बरेचसे पाण्याभोवती फिरते. पाणी कुठे चढते, कुठे आटते आणि कुठे पिंपात साठवावे लागते, यावर कोणती साथ कधी येणार हे पुष्कळदा ठरते.

साथींना पूर्वी देवतांची नावे होती. पटकी (कॉलरा) म्हणजे मरीआईचा कोप. आणि ‘देवी’ हे तर रोगाचेच नाव. १८९६मध्ये मुंबईत सुरू झालेला प्लेग पुढे नाशिक जिल्ह्यातही पोचला. भगूरला वि. दा. सावरकरांचे वडील दामोदरपंत १८९९मध्ये त्यातच गेले. घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचे आणि गावाबाहेर झोपडी घालून राहायचे, ही त्या काळची रीत. घरोघर शिरणाऱ्या सरकारी तपासण्यांपेक्षा ती लोकांना जास्त पटली, आणि त्यात नवल नाही. त्याच धामधुमीत झालेला १८९७चा साथरोग कायदा मार्च २०२०मध्ये करोनासाठी पुन्हा बाहेर काढावा लागला. पायऱ्यांच्या विहिरींतून पसरणारा नारू, म्हणजे अंगातून लांब कृमी बाहेर पडण्याचा रोग, मात्र कायमचा गेला. २०००मध्ये देश नारूमुक्त ठरला.

सिंहस्थ हा नाशिकच्या आरोग्य यंत्रणेचा सर्वांत कठीण पेपर. प्रयागचा कुंभ माघातल्या थंडीत भरतो, नाशिक-त्र्यंबकेश्वरचा ऐन पावसाळ्यात. २०१५मध्ये रामकुंडावरची शाही स्नाने २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबरला झाली. म्हणजे नदी गढूळ, माश्या भरपूर, डासांचा हंगाम, आणि नेमकी तेव्हाच लाखोंची गर्दी. तपोवनातल्या साधुग्रामात शौचालये उभारणे, टँकरच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहणे, अन्नछत्रांतल्या आचाऱ्यांची तपासणी आणि प्रत्येक दवाखान्यात रोज किती जुलाबाचे रुग्ण आले याची मोजदाद, अशी ही तयारी असते. मोजदाद सर्वांत महत्त्वाची. पटकीचा अधिशयन काल, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो. त्यामुळे इथे दूषित पाणी प्यालेला भाविक आजारी पडतो तो बहुधा आपल्या गावी पोचल्यावर. तीर्थाचे पाणी निर्मळ दिसणे वेगळे आणि निर्जंतुक असणे वेगळे, हे आचमनासाठी ओंजळ पुढे करणाऱ्याला सांगायचे कसे, याचे उत्तर कुठल्याही आराखड्यात नसते. पुढचा सिंहस्थ २०२७च्या पावसाळ्यात आहे.

सिंहस्थ नसला तरी गोदावरी आपले वेळापत्रक पाळते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर आकडे विचारत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले ते विचारतो. २००८, २०१६ आणि २०१९च्या पुरांनंतर सराफ बाजार, भांडी बाजारात गाळ उपसणे, ब्लीचिंग पावडर टाकणे आणि धूरफवारणी हे काम दिवसरात्र करावे लागले.

पश्चिमेकडच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत चित्र उलटे आहे. पाऊस धो धो पडतो आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. बाया झिऱ्यातून वाटी-वाटीने हंडा भरतात. जूनमध्ये पहिला लोंढा डोंगरावरची सगळी घाण घेऊन त्याच विहिरीत उतरतो आणि जुलाब-उलट्यांची साथ सुरू होते. तिला अडवण्याचे साधन अगदी साधे आहे : टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम हे प्रमाण. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळलेले पाणी विहिरीत सोडून ढवळायचे आणि निदान अर्धा तास थांबायचे. मग नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. ही ‘ओटी टेस्ट’ गावातल्या जलसुरक्षकाने करायची असते. चूक होते ती बहुतेक वेळा पोत्यापाशी. ग्रामपंचायतीच्या ओलसर कोपऱ्यात तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो, नुसता चुना उरतो, आणि विहिरीत रोज पावडर पडल्याची नोंद वहीत होत राहते. उलट क्लोरीन बरोबर पडला तर ‘पाण्याला औषधाचा वास येतो’ म्हणून लोक झिऱ्याकडे वळतात. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाणीस्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड म्हणजे साथीचा धोका.

याच तालुक्यांतली कुटुंबे दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. पोराचे नाव पाड्यावरच्या अंगणवाडीत, पोर बागेच्या बांधावर. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस, पोषण आहार, वजन, सगळेच मग निसटते. माता-बाल संरक्षण कार्ड आईने पिशवीत सोबत घेतले असेल तर निम्मे काम होते, म्हणून गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, म्हणजे आशा ताई, कुटुंब निघण्याआधी त्या कार्डाची आठवण करून देतात. आशा ही भूमिका २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. तिला पगार नसून मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला मिळतो, आणि तिच्यावरचे काम पाहता ही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही या पट्ट्यात चालते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजाराचा चौथा हिस्सा धोका असतो, त्यामुळे ती लग्नाआधी व्हावी असा आग्रह असतो.

मालेगावचा प्रश्न दाटीचा आणि विश्वासाचा. यंत्रमागांच्या वस्त्यांत एका खोलीत सात-आठ माणसे राहतात, आणि लसीविषयीच्या अफवा लसीपेक्षा लवकर पोचतात. २०२२च्या अखेरीस राज्यात गोवर उसळला तेव्हा मुंबई, भिवंडीबरोबर मालेगावचेही नाव होते. गोवर रोखायला सुमारे ९५ टक्के मुले संरक्षित असावी लागतात, इतका तो संसर्गजन्य आहे. पल्स पोलिओच्या फेऱ्यांपासून इथे एक गोष्ट शिकता आली : दारावर खडूने ‘एक्स’ लिहिलेल्या, म्हणजे मुलाला डोस द्यायचा राहिलेल्या घरी तोच कर्मचारी पुन्हा पाठवून भागत नाही, सोबत मौलाना किंवा मोहल्ल्यातली ओळखीची बाई लागते.

नाशिक शहराचा मुख्य त्रास डेंग्यू. त्याचा एडीस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासायची, हा ‘कोरडा दिवस’. घासायचे अशासाठी की अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी टिकतात. सर्वेक्षणाला आलेल्या बायका पिंप, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर बघतात. अळ्या हमखास सापडतात त्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, आणि तो ट्रे तिथे असतो हेच घरमालकाला ठाऊक नसते. धुराचे मशीन गल्लीत आले की लोकांना समाधान वाटते. धुराने उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात.

सवयींच्या बाबतीत तंबाखूने सर्वांना दमवले आहे. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. टपरीवर पुड्या मिळायच्या थांबलेल्या नाहीत. खेड्यांत बायकांची मशेरी ही तंबाखूत मोजलीच जात नाही, ती दात घासण्यात जाते. व्यायामाचे मात्र शहराने मनावर घेतले आहे. २०१५मध्ये हितेंद्र आणि महेंद्र या डॉक्टर महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. पहाटे सायकली घेऊन बाहेर पडणारे घोळके आता नवलाचे राहिलेले नाहीत. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी चालणाऱ्यांची रीघ असते आणि पांडवलेणीच्या पायऱ्या रोज चढणारेही बरेच आहेत. त्यांतले निम्मे उतरल्यावर तर्रीची मिसळ खायला जातात.