तरवड

(सं. आवर्तकी, क. आवरिके, ते. तंगेडु, त. आवारम्, लॅ. सेना ऑरिक्युलेटा, कुल–लेग्युमिनोजी). दख्खनच्या कोरड्या माळरानांवरचे मूळचे, पिवळ्या फुलांचे झुडूप. सोलापूर भागात ते नान्नजच्या माळढोक अभयारण्यापासून गावोगावच्या गायरानांपर्यंत मुरमाड, बरड जमिनीवर कुसळी-पवन्या गवतांत उगवते. जनावरे सहसा तोंड लावत नसल्याने अतिचराईच्या माळावरही टिकून असते.

ओळख चुकते ती फुलावर विसंबल्याने. पिवळी फुले टाकळा, कासविंदा यांनाही येतात. आधी पानाच्या देठाचे बूड पाहावे. तेथे कानाच्या पाळीसारखी रुंद, न गळणारी उपपर्णांची (देठाच्या बुडाशी येणाऱ्या पानासारख्या लहान अंगांची) जोडी असते. मग दले (संयुक्त पानाची लहान पाने) मोजावी : जोड्या बहुधा ८–१२, टोकाला एकटे दल नाही. प्रत्येक जोडीच्या बेचक्यात एक बारीक उभी ग्रंथी असते. पान तिरपे धरून १० पटींच्या भिंगाने ती दिसते. कासविंद्यात ग्रंथी एकच, देठाच्या तळाशी. पान चुरडल्यास उग्र वास येतो. टाकळ्यात दलांच्या जोड्या तीनच. अमेरिकेतून आलेल्या सेना युनिफ्लोरा या तणात मात्र दलांमध्येही ग्रंथी असल्याने केवळ त्यांवरून निर्णय देऊ नये. त्याची उपपर्णे अरुंद असतात. तरवडाच्या १० केसरांपैकी (पुंकेसरांपैकी) वरची तीन वंध्य, म्हणजे पराग न देणारी. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, बियांच्या जागी फुगीर.

स्वीडिश वनस्पतिवैज्ञानिक लिनीअस यांनी १७५३ मध्ये ही जाती कॅसिया प्रजातीत घातली. लॅटिन ‘ऑरिक्युला’ म्हणजे लहान कान. ‘ऑरिक्युलेटा’ हे नाव उपपर्णांवरून आले असे मानणे सयुक्तिक वाटते. पुढे वनस्पतिवैज्ञानिक रॉक्सबर्ग यांनी ती सेना प्रजातीत नेली, तरी बेंथम यांनी कॅसिया व्यापक (सेनाही त्यातच धरून) ठेवल्याने जुन्या भारतीय वनस्पतिग्रंथांत ‘कॅसिया ऑरिक्युलेटा’च आढळते. अर्विन व बार्नेबी यांनी १९८२ मध्ये कॅसिया, सेना व कॅमिक्रिस्टा अशी फोड केली. ती आता बहुमान्य आहे. लांब, वळणदार केसरतंतूंचा बहावा कॅसियातच राहिला, आखूड सरळ तंतूंचा तरवड सेनात गेला. ‘आवर्तकी’ म्हणजे तरवड असे बहुतेक मानतात. माळावर मात्र या नावापेक्षा उपपर्ण भरवशाचे.

टॅनिनयुक्त साल कातडी कमावण्यास वापरीत. पुढे वॅटल या बाभळीच्या जातीच्या झाडाच्या सालीने तिची जागा घेतली. सोलापुरातील तेलुगू भाषक घरांत बतुकम्मा या तेलंगणातील फुलांच्या सणाच्या फुलरचनेसाठी तंगेडुची फुले लागतात. हा सण भाद्रपद अमावास्येला, पावसाळी बहरातच, सुरू होतो.