एअर की कॉइलओव्हर: ट्रॅकच्या गाडीवरचा हा वाद मुळात आला कुठून

मुंबई-पुणे शिवनेरीच्या व्होल्वोत बसलेल्या प्रत्येकाने एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर पेललेली गाडी, अनुभवलंय, फक्त तिकडे लक्ष गेलेलं नसतं. बस अर्धी रिकामी असो नाहीतर सगळ्या सीटा भरून डिकी बॅगांनी गच्च, ती बसते तेवढीच आणि झुलते पण साधारण तशीच. ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपलीच गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवसासाठी, गाडी बनवायची म्हटलं की हवेवर करू की कॉइलओव्हर (शॉकअपभोवती स्प्रिंग असलेलं युनिट) टाकू यावर जी तासन्‌तास चर्चा होते ना, तिचं निम्मं उत्तर माझ्या मते या बसमध्येच आहे. कारण हवेचं सस्पेन्शन आलंच मुळी वजन सतत बदलणाऱ्या गाड्यांसाठी.

अमेरिकेत फायरस्टोनने 1930 च्या दशकातच रबरी बेलोजवर (हवेच्या फुग्यांवर) प्रयोग सुरू केले होते, पण ते खऱ्या अर्थाने रस्त्यावर आलं ते 1953 मध्ये, जनरल मोटर्सच्या लांब पल्ल्याच्या बसमधून, आणि पुढच्याच वर्षी ग्रेहाउंड या बस कंपनीची ती प्रसिद्ध सीनिक्रूझर बस आली. बसवाल्यांचा प्रॉब्लेम साधा होता. पूर्ण भरलेली बस पेलायची म्हणून पाटे कडक टाकले की रिकामी बस उसळते, आणि मऊ टाकले की भरल्यावर बस खाली टेकते. हवेत कसं, वजन वाढलं की व्हॉल्व्ह आणखी हवा भरतो, प्रेशर वाढतं आणि प्रेशरच्या प्रमाणात स्प्रिंगचा कडकपणा पण वाढतो, त्यामुळे उंची तीच आणि झुलण्याचा वेग पण जवळपास तोच. इंजिनिअरिंग म्हणून हे खरंच सुंदर आहे, यात मला शंका नाही.

मग कारवाल्यांना मोह झाला. 1957 ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅम एअर सस्पेन्शन घेऊन आली, 1958 ला जनरल मोटर्सने ते शेवरलेपर्यंत खाली आणलं, आणि लगेच गळती सुरू झाली. सकाळी गाडी बघावी तर एका कोपऱ्यावर बसलेली. कित्येक मालकांनी काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवून घेतल्या आणि दोनेक वर्षांत कंपनीने पण बहुतेक मॉडेलवरून हा ऑप्शन गुंडाळला. युरोपात बोर्गवार्ड पी 100 आणि मर्सिडीज 300 एसईने 1960-61 मध्ये ते पुन्हा उचललं, पुढे 1984 ला लिंकन मार्क सेव्हन इलेक्ट्रॉनिक कंट्रोलसकट आली, 90 च्या सुरुवातीला रेंज रोव्हर. या सगळ्या आरामाच्या, वजनदार गाड्या आहेत, यात रेसची एकही नाही, हे लक्षात घ्या.

कॉइलओव्हरचं घराणंच वेगळं. शॉकअपभोवती स्प्रिंग गुंडाळून एकच युनिट करायचं ही कल्पना कुणा एकाची नाही, पण हलक्या स्पोर्ट्स गाडीत ती किती चालते हे दाखवणाऱ्यांत लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन आणि 1957 ची लोटस सेव्हन हे नाव घ्यावंच लागेल. शनिवारी चालवत ट्रॅकवर न्यायची, रेस करायची आणि चालवत घरी आणायची अशी ती गाडी, म्हणजे आजच्या ट्रॅक डे कारची आजीच. तिच्यात बसणार एक माणूस आणि थोडं पेट्रोल, वजन बदलणार ते काय! बसवाल्यांचा प्रॉब्लेम तिला नव्हताच. तिला हवं होतं ते एवढंच, की पहिल्या लॅपला जशी वागली तशीच दहाव्या लॅपला वागावी. त्याच दशकात फ्रेंच संशोधक द कार्बोन यांचा गॅस भरलेला मोनोट्यूब (एकाच नळीचा) शॉकअप बिलस्टाइनने बनवायला घेतला, जो तापल्यावर फेस होऊन ढिला पडत नाही, कोनीचे अ‍ॅडजस्ट होणारे शॉकअप होतेच, 1976 ला स्वीडनमध्ये ओलिन्स ही सस्पेन्शन कंपनी सुरू झाली. पुढे उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे आटे पाडलेली बॉडी आणि फिरणारी रिंग, रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पण सहज मिळायला लागली.

मग हवा ट्यूनिंगच्या दुनियेत आली कशी, तर ती कॅलिफोर्नियाच्या लोरायडरवाल्यांच्या, म्हणजे गाडी जमिनीलगत खाली बसवणाऱ्या शौकिनांच्या वाटेने. तिथे 1958 पासून कायदाच होता की गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको, म्हणून 1959 मध्ये रॉन अगिरे यांनी आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक बसवलं, पोलीस दिसले की वर, गेले की खाली. नंतर मिनी ट्रकवाल्यांनी त्याच कामासाठी ट्रकच्या एअर बॅग वापरल्या आणि 90 च्या दशकात त्याचे तयार किट झाले. एअर म्हणजे नुसता शो, हा शिक्का इथून बसला. आजच्या चांगल्या किटवर तो सरसकट मारणं मला पटत नाही, पण मूळ हेतू पार्किंगमध्ये खाली बसणं हाच होता हेही खरंच आहे.

आता ट्रॅकवर नेमकं काय अडतं ते बघू. कॉइलओव्हरमध्ये उंची रिंगवर ठरते आणि कडकपणा स्प्रिंगवर, दोन्ही वेगवेगळे. साध्या एअर किटमध्ये प्रेशर वाढवलं की गाडी आधी वर उचलली जाते, म्हणजे उंची तीच ठेवून फक्त कडकपणा वाढवायची सोय जवळपास नाहीच. शिवाय हवा तापली की फुगते. बेलोजमधली हवा 30 अंशांवरून 60 वर गेली तर तेवढ्याच वजनाखाली ती साधारण 10 टक्के जास्त जागा मागते, गाडी उचलली जाते आणि चारी कोपरे सारखे तापत नाहीत, त्यामुळे काट्यावर घालून जुळवलेलं कोपऱ्यांचं वजन हलतं. उंचीचे सेन्सर असलेली सिस्टिम हे सांभाळून घेते, पण मग कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह, नळ्या हे सगळं ओझं घेऊन प्रत्येक कॉर्नर मारायचा.

मोटोक्रॉसवाल्यांनी (मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक रेसवाल्यांनी) हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून बघितलाय. होंडाने 2013 च्या सीआरएफ 450 आर बाइकला हवेचा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) दिला, वजन वाचलं, पण प्रेशर सतत तपासत बसायची कटकट आली आणि 2017 ला होंडा परत कॉइल स्प्रिंगवर. केटीएम मात्र हवेवर टिकून राहिली, त्यामुळे हवा रेसमध्ये चालतच नाही असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. पोर्शेच्या टायकान टर्बो जीटी या इलेक्ट्रिक कारने तर जर्मनीतल्या नूरबुर्गरिंग ट्रॅकला 7 मिनिटं 7.55 सेकंदांचा लॅप मारलाय आणि ती एअर स्प्रिंगवरच उभी आहे. फक्त तिच्या प्रत्येक शॉकअपला जोडलेला हायड्रॉलिक पंप आणि त्यामागचं कॉम्प्युटरचं काम तुम्हाआम्हाला किटच्या खोक्यात मिळत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बजेट एकच असेल तर कॉइलओव्हर घ्या, उरलेले पैसे टायर, ब्रेक पॅड आणि नीट अलाइनमेंटवर घाला. एअरच्या बाजूने आपल्याकडे एकच मुद्दा मला खरा वाटतो, तो म्हणजे रस्ते. पुण्याहून चेन्नईच्या ट्रॅकला गाडी चालवत न्यायची म्हणजे हजाराहून जास्त किलोमीटर, तिथला लॅप 3.7 किलोमीटरचा आणि वाटेतले स्पीडब्रेकर मोजायलाच नकोत. पण त्यावर पण मधला मार्ग निघालाय, कॉइल स्प्रिंग तशीच ठेवून फक्त ब्रेकरवर नाक वर उचलणारी लिफ्ट, पोर्शे 911 जीटी 3 ला ती ऑप्शनमध्ये मिळते, साधारण 30 मिलिमीटर उचलते, आणि केडब्ल्यूसारख्या कंपन्या इतर गाड्यांसाठी पण कॉइलओव्हरसोबत तसली हायड्रॉलिक लिफ्ट विकतात. महाग आहे, पण ट्रॅकवर स्प्रिंगचं वागणं बदलत नाही.