पोझिशन बदलायची की हार्मोनिका?

दहा भोकांची डायटॉनिक (एकाच स्केलच्या स्वरांची) हार्मोनिका वाजवणाऱ्यांचा हमखास होणारा घोळ म्हणजे गाण्याचं स्केल जुळत नाही म्हणून नवीन पोझिशन, म्हणजे त्याच हार्मोनिकेवर वेगळा स्वर सा धरून वाजवणं, शिकायला घेणं. अहो, स्केल जुळवायला दुसऱ्या स्केलची हार्मोनिका पुरते, पोझिशन लागते ती चालीचे स्वरच वेगळे असतील तेव्हा.

सी स्केलची हार्मोनिका घ्या. चौथं भोक फुंकून येणाऱ्या सी ला सा धरलं की फर्स्ट पोझिशन, सगळे स्वर शुद्ध. दुसरं भोक ओढून (म्हणजे श्वास आत घेऊन) येणाऱ्या जी ला सा धरलं की सेकंड, इथे नी कोमल होतो. चौथं भोक ओढून डी ला सा धरलं की थर्ड, मग ग आणि नी दोन्ही कोमल. थाटांत सांगायचं तर बिलावल, खमाज, काफी, आणि वाद्य एकच.

आता उलटं बघा. जी मधलं शुद्ध स्वरांचं गाणं असेल तर जी ची हार्मोनिका उचला आणि फर्स्टमधेच वाजवा, फुंकणं-ओढणं सगळं पाठ आहे तसंच. जी मधेच ब्लूज (कोमल नी घेणारी पाश्चात्त्य शैली) वाजवायचंय तर सी ची घेऊन सेकंड, काफीच्या अंगाची चाल असेल तर एफ ची घेऊन थर्ड. तिन्ही वेळा सा जी च आहे!

मग सेकंड कधी सुरू करायची? माझ्या मते दुसऱ्या भोकातला ओढीचा सूर मोकळा यायला लागला की लगेच. सुरुवातीला तो घुसमटतो आणि रीड (आतली सूर देणारी पट्टी) खराब आहे असं वाटतं, पण बहुतेकदा जबडा आणि घसा आवळलेला असतो. खालच्या सप्तकातला रे मात्र तयार मिळत नाही, तिसरं भोक ओढून दोन सेमीटोन (अर्धस्वर) बेंड करावं लागतं, म्हणजे तोंडाचा आकार बदलून सूर खाली आणावा लागतो, आणि ते भोक तीन सेमीटोनपर्यंत खाली जात असल्यामुळे नेमकं मधे थांबणं हेच अवघड, म्हणून ट्यूनर लावून ए वर सूर धरून ठेवायची सवय करा.

सेकंड पक्की झाल्याशिवाय थर्डला हात लावू नका असं बरेच जण सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. चौथी ओढ, पाचवं फुंकून मग ओढून, सहावं फुंकून मग ओढून, सातवं ओढून मग फुंकून, आठवी ओढ, झालं सप्तक, एकही बेंड नाही. फर्स्टमधे एकेक सूर स्वच्छ येत असेल आणि मायनर (कोमल ग च्या) चाली आवडत असतील तर थर्ड आधी शिका की! फक्त चौथ्या भोकाच्या खाली उतरू नका, तिथे कोमल ग आणि प दोन्हींना बेंड लागतो.

एक तपासून घ्या, चालीत ध कोमल असेल तर थर्ड चालणार नाही, तिचा ध शुद्ध असतो. तिथे सहावं भोक ओढून येणारा ए सा धरायचा, ती फोर्थ.